पावसानं खचलेलं अंगण: पेव्हर उचलून पुन्हा सपाट बसवताना

खचलेले पेव्हर ब्लॉक कसे सरळ करायचे हे इंटरनेटवर शोधलं, की समोर येतात ते बहुतेक थंड देशांतले व्हिडिओ. इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला भाचाही नेमका तसाच एखादा पाठवून देतो. तिकडची गोष्ट अशी असते: हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, शिवाय मातीत तयार होणारे बर्फाचे थर खालचं पाणी वर ओढून घेत जाड होत जातात. त्यामुळे लाद्या वर उचलल्या जातात. वसंतात बर्फ वितळला की त्या खाली बसतात, पण पूर्वीच्या जागी नाही. म्हणून तिकडे गोठण्याच्या पातळीचा विचार करून खोल खणतात आणि जाड खडी भरतात.

गोव्यात पाणी गोठत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे ब्लॉक उचलला जात नाही, त्याच्या खालची रेती वाहून जाते आणि तो खाली बसतो. दिसायला दोन्हीकडे अंगण सारखंच वाकडंतिकडं. उपाय मात्र वेगळा. व्हिडिओ बघून फूटभर खड्डा खणणारा माणूस इथे दोन दिवस फुकट घाम गाळतो, कारण त्याच्या छपराचं पाणी त्याच कोपऱ्यात पडत राहतं आणि पुढच्या श्रावणात तो कोपरा पुन्हा बसतो.

तेव्हा हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: आधी पाण्याची वाट दुरुस्त करायची, ब्लॉक त्यानंतर. ब्लॉक स्वतः क्वचितच बिघडतो. तोच ब्लॉक पुन्हा वापरता येतो, आणि सिमेंटच्या कोब्यापेक्षा पेव्हरचा खरा फायदा हाच आहे.

काम कधी काढायचं

चतुर्थीला घरी पाहुणे येणार म्हणून ऐन पावसात ब्लॉक उचलायला जाऊ नका. ओल्या मातीवर ओली रेती टाकून केलेलं काम गणपती विसर्जनापर्यंतही टिकत नाही. तोपर्यंत एखादा ब्लॉक फारच डुगडुगत असेल, म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकण्याची भीती असेल, तर तेवढा काढून खड्ड्यात बारीक खडी टाकून तात्पुरता बसवा आणि विसरून जा.

खरं काम दसऱ्यानंतरचं. मॉन्सून ऑक्टोबरमध्ये माघारी जातो, तरी त्या महिन्यात संध्याकाळी गडगडाटासह एखादी सर येतेच. म्हणून ताडपत्री हाताशी असू द्या. दिवाळीच्या आसपास जमीन वरून सुकलेली, पण आतून थोडी ओल धरून असते. भराव चोपून बसवायला हीच ओल लागते. मार्च-एप्रिलमध्ये माती इतकी कोरडी होते की पाणी शिंपडल्याशिवाय ती दाबली जात नाही. आमच्याकडे बहुतेक घरांत मुदत आपोआप ठरते: तुळशीचं लग्न, म्हणजे व्हडली दिवाळी. वृंदावनाभोवती माणसं उभी राहणार, तेव्हा तिथे खड्डा नको.

पेव्हर यायच्या आधीही हे काम दर वर्षी व्हायचंच. पावसानं उखडलेलं मातीचं अंगण खणून, पाणी मारून, पेटण्यानं चोपून, शेणानं सारवून पुन्हा केलं जायचं. पेव्हर घातले की हे सगळं संपलं असं आपण गृहीत धरलं. संपलं नाही, चार-पाच वर्षांतून एकदा करायचं झालं इतकंच.

खड्डा कुठे आहे त्यावरून कारण ओळखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि गवंडी सगळ्यात जास्त टाळतो ती हीच. जमलं तर शेवटच्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटं अंगणात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि कुठे नाहीसं होतं ते बघा. साचणाऱ्या पाण्यापेक्षा नाहीसं होणारं पाणी जास्त धोक्याचं. ब्लॉकच्या फटीतून गडप होणारं पाणी जाताना रेती घेऊन जातं.

पाऊस गेला असेल तर दोरी ताणून बघा. अंगणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाईनदोरी ब्लॉकच्या वरच्या पातळीला धरा आणि खाली किती फट राहते ते मोजा. मग दोन-चार बादल्या पाणी ओता. खडूनं खड्ड्याची हद्द आखून ठेवा.

आता नक्षी वाचा. घराच्या कडेनं, छपराच्या पावळीखाली सरळ रेषेत चर पडला असेल तर कारण उघड आहे: मंगलोरी कौलांवरून पागोळ्या वर्षानुवर्षं त्याच ओळीत पडतात, फटींतली रेती उडवतात आणि मग खालची रेतीची गादी धुतात. पन्हळीचा पाइप जिथे जमिनीजवळ येऊन संपतो तिथला गोल खड्डाही त्याच जातीचा.

गाडीच्या चाकांच्या दोन समांतर पट्ट्या बसल्या असतील तर पाण्याइतकाच दोष खालच्या थराचा. भराव नीट दाबला नव्हता, किंवा ब्लॉक पातळ आहे. पेव्हरसाठीचं भारतीय मानक आयएस १५६५८ हलक्या रहदारीसाठी ६० मिलिमीटर आणि मध्यम रहदारीसाठी ८० मिलिमीटर जाडी सांगतं. स्कूटर आणि छोटी कार असेल तर ६० पुरतो. चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या चौकोनी दगडांचा, ट्रक किंवा पाण्याचा टँकर आत घेत असाल तर तो ६० च्या ब्लॉकवर आणू नका.

अंगणाच्या मधोमध आडवी तिरकी रेषा पडून तिच्या एका बाजूचं सगळं अंगण खाली गेलं असेल, तर प्लॉट कसा तयार केला होता ते आठवा. डोंगरउतारावर वरची बाजू कापून ती माती खालच्या बाजूला भरलेली असते. अर्धं अंगण कातळासारख्या जांभ्यावर आणि अर्धं भरावावर. भराव बसत राहतो, जांभा बसत नाही. भराव ताजा असेल, दोन-तीन पावसाळेच झाले असतील, तर घाई करू नका, त्याला अजून एक पावसाळा बसू द्या. आणि भरावाच्या पायथ्याची चिऱ्यांची संरक्षक भिंत फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर पेव्हरचा विचार सोडून आधी इंजिनियरला बोलवा.

वृंदावनाभोवतीचा कडा जवळजवळ प्रत्येक घरात खचतो. वृंदावनाला स्वतःचा पाया असतो, त्यामुळे ते हलत नाही. पण पाया घालताना भोवती खणलेला चर नंतर सैल मातीनं भरलेला असतो आणि वर रोज तांब्याभर पाणी. चौथऱ्याला लागून हातभर रुंदीची पट्टी बसते ती त्यामुळे.

किनाऱ्याजवळच्या गावांत खालीच वाळू असते. तिथे पाणी छान मुरतं, पण कडा मजबूत नसेल तर वाळू बाजूला सरकते आणि कडेचे ब्लॉक बाहेर पळतात. खाडीकाठच्या सखल खाजन जमिनीजवळ किंवा जुन्या शेतात भराव टाकून बांधलेल्या घरांत उलटं. खाली चिकण माती, पाण्याची पातळी वर, पाणी मुरायलाच जागा नाही. तिथे निचऱ्याची सोय केल्याशिवाय कितीही वेळा ब्लॉक बसवा, उपयोग नाही.

ब्लॉक खाली गेले नसून वर आले असतील तर ते मूळ. फणस, आंबा, सुरू, कोणतंही झाड जवळ आहे का ते पाहा. आणि अचानक, एका रात्रीत, ताटाएवढा गोल खड्डा पडला असेल तर बहुधा घुशीचं बीळ किंवा फुटलेला पाइप. पाइपची शंका असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरकडे अर्धा तास लक्ष ठेवा. काटा फिरत राहिला तर गळती आहे, आणि आधी प्लंबर.

एक खड्डा मात्र तुमचा नाही. सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा जिथे आहे त्याच्या वरचे ब्लॉक खचले असतील तर तिथे उभे राहू नका, पहार मारू नका. झाकणाची स्लॅब गंजून कमजोर झालेली असू शकते. आतल्या टाकीत विषारी वायू असतो. ती जागा दोरीनं बंद करा आणि टाकीचं काम करणाऱ्यालाच बोलवा.

पाण्याची वाट

कारण कळलं की ब्लॉकला हात लावायच्या आधी ते मिटवा. पावळीखाली पन्हळ बसवा. पन्हळ नको असेल तर त्या ओळीत ब्लॉकच नको. तिथे फूटभर रुंदीचा चर करून त्यात मोठी खडी किंवा नदीचे गोटे भरा. पागोळ्या त्यावर पडतील, उडणार नाहीत, आणि भिंतीवर तांबडे शिंतोडेही येणार नाहीत. माझ्या मते कौलारू घराला पन्हळीपेक्षा हाच उपाय बरा, कारण पन्हळ झाडाच्या पाल्यानं तुंबते आणि साफ करायला कोणी चढत नाही.

पन्हळीचा पाइप ब्लॉकवर सोडू नका. तो जमिनीखालून गटारापर्यंत किंवा शोषचरापर्यंत न्या.

आणि उतार. अंगणाचा उतार घराच्या जोत्यापासून बाहेर हवा: दर मीटरला २ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ४ फुटांना १ इंच. मुसळधार पावसाच्या प्रदेशात यापेक्षा कमी ठेवू नका. उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी पातळी धरतो ती पुरेशी अचूक असते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

सामान

घरात बहुतेक असतंच: पहार, फावडं, घमेली, रबरी हातोडा, लाईनदोरी, खडू, कडक झाडू, दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी. त्याशिवाय १ इंची लोखंडी पाइपचे दोन तुकडे आणि चोपायला धुम्मस. खड्डा मोठा, म्हणजे एका खोलीएवढा असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर एका दिवसासाठी भाड्यानं आणा. बांधकामाचं सामान भाड्यानं देणाऱ्यांकडे तो मिळतो. लहान तुकड्यासाठी धुम्मस आणि प्लायवूडचा तुकडा पुरे.

आता रेती. इथे चूक झाली की सगळं फुकट. ब्लॉकखालच्या गादीला भरड, धारदार कणांची, धुतलेली रेती लागते. गोव्यात नदीच्या रेतीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला खडी फोडून केलेली क्रश सँड येते. ती चांगलीच असते, फक्त धुतलेली हवी. क्रशरची भुकटी आणि क्रश सँड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वस्त म्हणून भुकटी गळ्यात मारली जाते. ती उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट वाटते आणि जुलैत तिचा चिखल होऊन गाडीच्या चाकाबरोबर फटीतून वर पिचकारी मारतो.

ओळखायची सोपी रीत: काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घ्या, वर पाणी घालून चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन-चार तास तशीच ठेवा. रेती खाली बसते, तिच्यावर गाळाचा बारीक थर दिसतो. रेतीचा थर १० सेंटिमीटर असेल आणि गाळ ८ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती परत पाठवा.

समुद्रावरून पोत्यात भरून आणायचा विचार मनात आला असेल तर सोडा. ते कायद्यानं बंद आहे, आणि तशीही ती रेती गोल, बारीक आणि खारट. ब्लॉकवर पांढरे डाग उमटतात.

किती लागेल? ३ मीटर बाय २ मीटरच्या तुकड्याला ४ सेंटिमीटर गादी धरली तर पाव घनमीटरच्या जवळपास, म्हणजे वीसेक घमेली. दाबल्यावर रेती बसते, म्हणून चार घमेली जास्तच घ्या. फटींसाठी वेगळी, बारीक आणि पूर्ण कोरडी रेती अर्धं पोतं.

ब्लॉक उचलणं

आधी मोबाइलवर वरून फोटो काढा. नक्षी रंगीत असेल तर खडूनं ओळींना आकडे घाला. परत बसवताना एकच वळण चुकलं तरी झिगझॅग ब्लॉकची अख्खी ओळ बसत नाही.

खड्ड्याच्या हद्दीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन ओळी जास्त उचलायच्या. फक्त खचलेलेच उचलले तर नवं आणि जुनं यांच्या सांध्यावर पुन्हा पायरी पडते. नवख्यांची नेहमीची कंजुषी इथेच होते.

पहिला ब्लॉक सगळ्यात अवघड. फटीतली रेती पातळ सळईनं किंवा जुन्या हॅक्सॉच्या पात्यानं कोरून काढा. मग समोरासमोरच्या दोन फटींत चपटे स्क्रू ड्रायव्हर घालून आळीपाळीनं थोडं थोडं उचकटत वर आणा. अजिबात हलत नसेल तर एक ब्लॉक छिन्नीनं फोडून टाका. एका ब्लॉकच्या किमतीसाठी शेजारच्या पाच ब्लॉकांच्या कडा उडवण्यात अर्थ नाही. एक निघाला की बाकीचे पहारीच्या टोकानं भराभर निघतात.

हात घालण्याआधी मात्र पहारीनंच ब्लॉक उलटा करा. पावसाळ्यानंतर त्याखाली विंचू, गोम सर्रास सापडतात, आणि घुशीच्या बिळात फुरसं किंवा मण्यार असणं ही आपल्याकडे अतिशयोक्ती नाही. जाड हातमोजे आणि बूट. चप्पल घालून हे काम करू नये. साप चावलाच तर काम, पहार, सगळं तिथेच टाकून १०८ ला फोन. दोरी बांधणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका.

काढलेले ब्लॉक ओळीनं रचा आणि त्यांच्या कडांना चिकटलेली रेती, शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा. ही कंटाळवाणी गोष्ट कोणालाच करायची नसते. पण कडेला चिकटलेली दोन मिलिमीटर माती दहा ब्लॉकांत दोन सेंटिमीटर होते, आणि शेवटचा ब्लॉक मग आत जात नाही.

खालचा थर

जुनी गादी पूर्ण काढा. ती मातीत मिसळलेली असते, पुन्हा वापरू नका. झाडांना घाला.

खाली काय दिसतं त्यावर पुढचं काम. मुरूम किंवा खडीचा थर टणक असेल, टाच मारल्यावर दबत नसेल, तर नशीब चांगलं. सरळ गादीच्या कामाला लागा. चिखल दिसला तर टणक जमीन लागेपर्यंत तो काढा. बीळ सापडलं तर पहारीनं त्याची दिशा शोधा, ते शेवटपर्यंत उघडा, आणि चिऱ्याचे तुकडे व खडी ठासून भरा. नुसती माती भरली तर घूस आठवड्यात परत येते. मूळ असेल तर जाड मूळ तोडण्याआधी दोनदा विचार करा. मोठ्या झाडाचं आधाराचं मूळ तोडलं तर पुढच्या वादळात झाड घरावर येऊ शकतं. त्यापेक्षा झाडाभोवती तेवढी जागा मोकळी सोडून ब्लॉकची कड मागे घेणं शहाणपणाचं.

खोली भरून काढायची ती मुरमानं किंवा मिश्र खडीनं, कधीही रेतीनं नव्हे. हा नियम पक्का आहे. खड्डा ७ सेंटिमीटर खोल म्हणून ७ सेंटिमीटर रेती ओतली की ती जाडी पुढच्या वर्षी दाबली जाते आणि खड्डा तिथेच परत येतो. रेतीची गादी सगळीकडे सारखी ३ ते ४ सेंटिमीटर, बाकी सगळं भरावाचं काम.

भराव एका वेळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त टाकू नका. टाका, थोडं पाणी शिंपडा, चोपा, मग पुढचा थर. मुरमाची ओल योग्य आहे का ते मुठीत दाबून कळतं: गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. धुम्मस मारताना आवाज बदलतो. आधी बद्द, मग टणक. आवाज टणक झाला की थांबा. आणि वरच्या थरालाही घरापासून दूर तोच उतार द्या, कारण फटींतून उतरलेलं पाणी याच थरावरून वाहत जाणार आहे.

चिकण मातीच्या जागी भरावाखाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरावं. पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही. त्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालणारे बरेच आहेत. तो घातला की अंगणाखाली तळं तयार होतं.

गादी आणि ब्लॉक

दोन लोखंडी पाइप भरावावर समांतर ठेवा, त्यांना उतार देऊन पक्के करा. मध्ये रेती टाका आणि ॲल्युमिनियमची पट्टी पाइपांवरून आपल्याकडे ओढत आणा. रेती ओलसर असावी, ओली नव्हे. पाइप काढले की राहिलेले चर रेतीनं भरून थापीनं हलकेच सारखे करा. यानंतर गादीवर पाय ठेवायचा नाही, मांजरालाही जाऊ द्यायचं नाही.

गादी अशी धरा की ठेवलेले ब्लॉक भोवतालच्या जुन्या ब्लॉकांपेक्षा ६ ते १० मिलिमीटर वर राहतील. चोपल्यावर ते तेवढे खाली बसतात. पहिल्या दोन ओळी बसवून, चोपून, दोरी लावून बघा आणि मगच पुढे जा. हिशेब रेतीप्रमाणे थोडा बदलतो.

ब्लॉक सरळ वरून खाली ठेवायचा, सरकवत नाही. सरकवला की पुढे रेतीचा बांध होतो. दोन ब्लॉकांत ३ मिलिमीटरच्या आसपास फट राहू द्या, अगदी अंगाला अंग लावू नका. फटीतली रेती हीच ब्लॉकांना एकमेकांशी धरून ठेवते. रबरी हातोड्यानं एक-दोन ठोके, बस्स. बसून, आधीच बसवलेल्या ब्लॉकांवर गुडघ्याखाली फळी घेऊन, पुढे पुढे जायचं.

तुकडा कापावा लागला तर एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा कडेला लावू नका, तो चाकाखाली फुटतो. त्याऐवजी आधीच्या ब्लॉकमधूनच थोडं कापून दोन मध्यम तुकडे करा. कटर मशीन चालवताना चष्मा आणि मास्क लावा, आणि पाणी मारत कापत असाल तर वायर ओल्या जमिनीवर लोळू देऊ नका.

गादीत सिमेंट मिसळायचा सल्ला तुम्हाला गवंडी देईल. "साहेब, पक्कं करून टाकूया." नको म्हणा. सुकी मिसळण पावसानं अर्धवट घट्ट होते, जागोजागी तडकते, पाणी अडवते, आणि पुढच्या वेळी ब्लॉक काढायला गेलात की तळाला सिमेंट चिकटून येतं. फटींत सिमेंटचं पाणी ओतण्याचंही तेच. पहिल्या उन्हाळ्यात तडे, पहिल्या पावसात त्या तड्यांतून पाणी.

कडा

कडा सैल असेल तर वरचं सगळं काम वाया. बाहेरच्या ओळीला टेकून चिऱ्याची किंवा काँक्रीटची कड हवी, आणि तिचा पाया गादीच्या खाली गेलेला हवा. जुनी कड हलत असेल तर बाहेरून चर खणून काँक्रीटचा तिरका टेका द्या आणि सात दिवस पाणी मारा. कडेत ठरावीक अंतरावर पाणी बाहेर जायला भोकं ठेवा आणि आतून त्यावर कापडाचा तुकडा लावा, म्हणजे रेती जाणार नाही.

चोपणं आणि फटी भरणं

चोपायच्या आधी सगळे ब्लॉक झाडून घ्या. खडीचा एक कण प्लेटखाली आला की ब्लॉकला चरा पडतो किंवा तो फुटतो. कॉम्पॅक्टरला खाली रबरी चटई असेल तर उत्तम. धुम्मस वापरत असाल तर प्लायवूड ठेवून त्यावर मारा, थेट ब्लॉकवर नाही. कडेकडून मध्याकडे, दोन फेऱ्या.

मग बारीक रेती. ती कोरडी हवी, आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत पोत्यातली रेती कोरडी नसते. ताडपत्रीवर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. झाडूनं तिरकं तिरकं फटींत घाला, पुन्हा चोपा, रेती खाली उतरेल, पुन्हा घाला. फटी काठोकाठ भरेपर्यंत हे चालू द्या. दुसऱ्या दिवशी बघितलं तर परत थोडी उतरलेली असते, तेव्हा अर्ध्या पोत्यातली थोडी बाजूला ठेवा.

परदेशी व्हिडिओत फटींसाठी पाणी मारल्यावर घट्ट होणारी चिकट रेती वापरतात. तिला बसवताना कोरडे ब्लॉक आणि नंतर सुकायला कोरडी हवा लागते. जानेवारी-फेब्रुवारीत करणार असाल आणि परवडत असेल तर करून बघा. साध्या अंगणाला मला ती गरजेची वाटत नाही.

शेवटी दोन बादल्या पाणी जोत्याजवळ ओता आणि ते कुठे जातं बघा. कुठेही न थांबता गटाराकडे गेलं पाहिजे. हाताएवढं थारोळं राहिलं तर तेवढे चार ब्लॉक आत्ताच उचला, तुळशीच्या लग्नानंतर कोणी उचलत नाही.

शेवाळ आणि पुढची देखभाल

शेवाळ ही खचण्याइतकीच मोठी तक्रार, आणि पाय घसरून हाड मोडण्याचं कारणही तेच. प्रेशर वॉशरनं ते झटक्यात जातं खरं, पण फटींतली रेतीही त्याच झटक्यात जाते. वापरायचाच तर नोझल लांब, तिरका धरा आणि सुकल्यावर फटी पुन्हा भरा. त्यापेक्षा ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून पसरा, वीसेक मिनिटांनी कडक झाडूनं घासा आणि धुवा. झाडांच्या मुळांशी आणि विहिरीजवळ ते पाणी जाऊ देऊ नका. बाथरूम साफ करायचं ॲसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ॲसिड तसंही सिमेंट खातं, ब्लॉक खरखरीत होतो आणि त्यावर शेवाळ जास्तच धरतं.

चिऱ्याच्या लादीचं अंगण असेल तर वरचं जवळजवळ सगळं लागू पडतं. फक्त चिरा ओला असताना मऊ असतो, त्यामुळे त्यावर कॉम्पॅक्टर चालवू नका, लाकडी फळी ठेवून हातानं चोपा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीन कामं करून घ्या: पन्हळ आणि गटार साफ, फटींत कमी झालेली रेती भरणं, आणि कडेची भोकं काडी घालून मोकळी करणं. फटींत वाढलेलं गवत याच वेळी मुळासकट काढा. पाऊस सुरू झाल्यावर उपटलं तर फटीतली निम्मी रेती मुळांबरोबर बाहेर येते, आणि तिथून पाणी आत शिरतं.